होमरचं 'अराओमाइ': प्रार्थना की शाप? अर्थ, रूपं आणि मराठी प्रतिशब्द हवा आहे

प्रतापनगरचा_वाचक (नागपूर)

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्रमैत्रिणी 'इलियड'च्या नवव्या सर्गातलं फिनिक्सचं भाषण मराठी अभिवाचनासाठी बसवतो आहोत. अकिलीस रुसून तंबूत बसलाय, आणि त्याला लहानपणापासून सांभाळलेला म्हातारा फिनिक्स समजूत घालायला येतो, ती जागा. संहिता मी लिहितोय. हाताशी इंग्रजी भाषांतरं आहेत आणि शेजारी मूळ ग्रीक उघडं ठेवतो. लिपी वाचता येते, कोश पाहता येतो, पण व्याकरणाचा पाया नाही.

या भाषणात दोन आईबाप पोटच्या पोरांना शाप देतात. पहिला फिनिक्सचा बाप अमिंतोर. बापाच्या रखेलीशी फिनिक्सनं संबंध ठेवला, तेही आईनं गळ घातली म्हणून. बापाला कळल्यावर त्याचा शाप असा की याचं पोर माझ्या मांडीवर कधी बसू नये. दुसरी मेलिआग्रोसची आई अल्थाइया. मुलाच्या हातून तिचा भाऊ मारला गेलाय. ती गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात आपटते, रडून पदर भिजतो, आणि पाताळातल्या हेडीसला नि पर्सेफोनीला हाका मारते की माझ्या मुलाला मरण द्या.

बापासाठी मूळात 'कतेरातो' आहे, आईसाठी 'एरातो'. इथवर समजलं. पण पहिल्या सर्गात पुजारी क्रिसिस समुद्रकाठानं एकटा चालत अपोलोची प्रार्थना करतो, तिथंही तेच क्रियापद! इंग्रजीवाले एका ठिकाणी 'प्रार्थना केली' म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी 'शाप दिला'.

तर विचारायचं ते असं. या क्रियापदाचा मूळ अर्थ कोणता? रूपं कशी चालतात? कोशात 'अराओमाइ' आहे, कुठे 'अरासोमाइ' दिसतं, तर 'ओडिसी'त 'अरेसेताइ'. आणि मराठीत काय लिहू? अल्थाइया वाचणारी आमची मैत्रीण म्हणते की 'शाप दिला' म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे कमंडलू घेतलेला ऋषी उभा राहतो, जमिनीवर हात आपटणारी बाई उभी राहत नाही. मला तिचं म्हणणं पटतं, पण दुसरा शब्द सापडत नाही.

कोशवाचक (पुणे)

थोडक्यात सांगतो. 'अरा' हे नाम, अर्थ प्रार्थना किंवा शाप. त्यावरून क्रियापद 'अराओमाइ', आणि 'कता' हा उपसर्ग लागून 'कताराओमाइ', म्हणजे कुणाच्या तरी विरोधात मागणं, शापणं. 'अरासोमाइ' हे अथेन्सच्या बोलीतलं भविष्यकाळाचं रूप. 'अरेसेताइ' म्हणजे तोच भविष्यकाळ, आयोनियन वळणाचा, तृतीय पुरुषी. अथेन्सच्या बोलीत 'र'नंतरचा दीर्घ 'आ' टिकतो, आयोनियन बोलीत त्याचा 'ए' होतो. फरक एवढाच.

मराठीत बिनधास्त 'शाप दिला' लिहा. वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि अभिवाचनात कळणं महत्त्वाचं.

रामटेकवाली (नागपूर)

कोशवाचकांनी अर्थ आणि रूपं बरोबर दिलीत. 'शाप दिला' हा सल्ला मात्र मला मान्य नाही, आणि तुमच्या मैत्रिणीचा कान पक्का आहे. मी आयुष्यभर संस्कृत शिकवलं, ग्रीक त्याच ओढीनं शिकले, त्यामुळे मला हे क्रियापद संस्कृतच्या शेजारी ठेवूनच दिसतं. सविस्तर लिहिते, कारण तुमची अडचण खरी आहे आणि उत्तर त्या क्रियापदाच्या व्याकरणातच आहे.

होमरमध्ये अराओमाइ म्हणजे देवाकडे मागणं, तेही तोंडानं बोलून. चांगलं मागा, वाईट मागा, क्रियापद एकच. 'ओडिसी'च्या १९ व्या सर्गात म्हातारी दाई युरिक्लिया म्हणते की ओडिसिअसनं देवाकडे सुखाचं म्हातारपण मागितलं होतं, मुलगा हाताशी यावा असं मागितलं होतं. तिथं हेच क्रियापद. त्याच काव्याच्या पहिल्या सर्गात ओडिसिअसची बायको पेनेलोपी दिसताच तिचे सगळे मागणीदार मनोमन तिच्या शय्येची इच्छा धरतात, तिथंही हेच. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात ट्रॉयची पुजारीण थेआनो अथीनापुढे उभी राहते. ग्रीक योद्धा डायोमिडीसचा भाला मोड, तो स्वतः वेशीपुढे तोंडावर पडू दे, आणि आमच्या बायकापोरांवर दया कर, असं तिचं मागणं. एकाच श्वासात एकाचा नाश आणि दुसऱ्यांचं रक्षण. याला प्रार्थना म्हणायचं की शाप? होमरला हा प्रश्न पडत नाही.

क्रिसिसचंही तेच. होमर त्याला 'अरेतेर' म्हणतो, म्हणजे मागणं मागणारा. पण तो मागतो काय? माझ्या आसवांची किंमत दनाअन लोक, म्हणजे ग्रीक, तुझ्या बाणांनी फेडोत. आणि त्यानंतर छावणीत नऊ दिवस देवाचे बाण पडत राहतात, चिता जळत राहतात. भाषांतरकार ज्याला 'प्रार्थना' म्हणून पुढे जातात, ती या महाकाव्यातली सगळ्यात जीवघेणी अरा आहे. फक्त ती देवळातल्या माणसाच्या तोंडची आहे म्हणून तिला प्रार्थना म्हटलं गेलं, आणि अल्थाइयाची एका दुःखी बाईच्या तोंडची म्हणून शाप. हे मला पटत नाही.

आपल्या मराठीला हे कळायला अवघड जाऊ नये. 'देव तुझं भलं करो' आणि 'देव तुझं वाटोळं करो' यांत क्रियापदाचं रूप एकच आहे, तो शेवटचा 'ओ' तोच. होवो, लाभो, जळो, मरो. ग्रीकमध्ये यासाठी इच्छार्थाची वेगळी रूपं असतात. क्रिसिसच्या 'फेडोत'साठी मूळात 'तिसेइआन' आहे, ते तसलंच.

आता विभक्ती, कारण खरी गंमत तिथं आहे आणि भाषांतरात ती पहिल्यांदा हरवते. 'अराओमाइ'बरोबर चतुर्थी येते ती देवाची. क्रिसिस मागतो 'अपोलोपाशी', थेआनो मागते 'झ्यूसच्या मुलीपाशी', अल्थाइया मागते 'देवांपाशी'. समोर उभा आहे तो देव. ज्याचं वाईट व्हायचं तो त्या वाक्यात कुठेतरी पलीकडे आहे. 'कता' हा उपसर्ग लागला, म्हणजे खाली, विरोधात, की चतुर्थीची ती जागा माणसाला मिळते. 'ओडिसी'च्या त्याच १९ व्या सर्गात पेनेलोपी म्हणते की जो माणूस निष्ठुर असतो, त्याच्यासाठी सगळे लोक पुढच्या दुःखांची मागणी करतात. मूळात 'त्याला' चतुर्थीत आहे, आणि कर्म आहे 'दुःखं'. नीट बघा, मागितली जातात ती दुःखं. माणूस अजून क्रियापदाचं कर्म झालेला नाही. 'त्याला शापतात' असं वाक्य होमरनं रचलेलंच नाही. 'त्याच्यासाठी दुःखं मागतात' असं रचलंय.

पाणिनी शिकलेल्यांना इथं त्याच्या व्याकरणातलं सूत्र १.४.३४ आठवेल. श्लाघ्, ह्नु, स्था आणि शप् या धातूंबरोबर, ज्याला कळावं असं बोलणाऱ्याला वाटतं त्याची चतुर्थी होते. 'कृष्णाय शपते' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तिथला अर्थ शापण्याचा नाही, शपथेच्या बाजूचा आहे. पण शाप आणि शपथ हे एकाच धातूचे, आणि एका अर्थात चतुर्थी जिवंत राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. शाप द्यायचा असला की संस्कृतात माणूस सरळ द्वितीयेत जातो: 'तं शशाप'.

रूपांचं सांगते. हे क्रियापद ग्रीकमध्ये फक्त आत्मनेपदात चालतं. धातूचा शेवटचा 'आ' आणि प्रत्ययाचा पहिला स्वर यांचा संधी होतो, म्हणून वर्तमानकाळ अरोमाइ, अराइ, अराताइ, आणि अनेकवचनी अरोमेथा, अरास्थे, अरोन्ताइ. ते 'ताइ' आणि 'न्ताइ' तुम्हाला 'लभते, लभन्ते'मध्ये लगेच सापडतील. भूतकाळात सुरुवातीला आगम (भूतकाळ दाखवणारा जादा स्वर) लागून 'अ'चा 'ए' होतो: एरोमेन, एरो, एरातो. हा अपूर्ण भूतकाळ, आपला लङ्. 'एरातो' आणि 'अलभत' यांचं शेपूट एकच. क्रिया एकदाच घडून संपली असं सांगायचं तर वेगळा भूतकाळ: एरासामेन, एरासो, एरासातो. उपसर्ग असेल तर आगम त्याच्या आणि धातूच्या मधे बसतो, जसं अभि आणि शप् यांचं 'अभ्यशपत्' होतं. म्हणून तुमचं 'कतेरातो'. आणि पहिल्या सर्गात तुम्हाला 'एराथ' असं दिसलं असेल तर घाबरू नका. पुढे 'हो' आल्यामुळे शेवटचा 'ओ' गळतो आणि 'त'चा 'थ' होतो. रूप तेच.

अल्थाइयाचं 'एरातो' अपूर्ण भूतकाळ आहे, हे तुमच्या मैत्रिणीला जरूर सांगा. ती एकदा बोलून थांबत नाही. मागतच राहते, जमीन बडवतच राहते. प्रमाण मराठीत 'मागत होती' जरा थंड वाटतं. आपल्या इकडचं 'मागून राहिली होती' त्या ग्रीक रूपाच्या जास्त जवळ आहे.

आत्मनेपद का? देवाकडे मागण्याची ग्रीक क्रियापदं बहुतेक त्याच पदात आहेत. 'एउखोमाइ' घ्या, 'लिस्सोमाइ' घ्या. मागणारा स्वतः काहीच करत नाही, घडवणारा देव आहे आणि फळ मागणाऱ्याकडे परत यायचं आहे. मला त्या पदाचा अर्थ असाच लागतो.

इथंच आपली आणि त्यांची वाट वेगळी होते, आणि म्हणूनच 'शाप दिला' इथं खटकतं. आपल्याकडे शाप ही देणाऱ्याची मिळकत असते. दुर्वास शकुंतलेला शाप देतो तेव्हा कुठल्या देवाला विचारत नाही. त्याच्या तपाचं बळ त्याच्या वाणीत आहे, आणि प्रियंवदा धावत जाऊन पाया पडली की उःशापही तोच देतो. मी रामटेकची, त्यामुळे यक्षाचा शाप माझ्या घरचा. तोही एका धन्यानं चाकराला दिलेला, वर्षभराची मुदत घालून. पण सगळ्यात जवळचं उदाहरण गांधारीचं, कारण तीही मुलांच्या मरणानं पेटलेली आई आहे. स्त्रीपर्वात ती कृष्णाला शाप देते तेव्हा सांगते की पतीच्या सेवेनं मी जे काही तप मिळवलं असेल, त्याच्या बळावर मी तुला शापते. ती स्वतःची पुण्याई त्या शब्दांत घालते. अल्थाइयाकडे घालायला काही नाही. तिच्याकडे दोन हात आहेत आणि खाली जमीन आहे. ती खालच्या देवांना उठवते, आणि होमर सांगतो की काळोखातून चालणाऱ्या एरिनीसनं, म्हणजे सूड घेणाऱ्या देवीनं, ते ऐकलं.

फिनिक्सही बापाबद्दल बोलताना पुढच्याच ओळींत म्हणतो की खालच्या झ्यूसनं, म्हणजे हेडीसनं, आणि पर्सेफोनीनं ती मागणी पुरी केली. तिथलं नाम 'एपारा', याच कुळातलं. 'देवांनी शाप पुरा केला' हे मराठीत अडखळतं, कारण आपल्याकडे शाप देव पुरा करत नाहीत, तो आपला आपण खरा होतो. 'मागणं पुरं केलं' म्हटलं की सगळं सुरळीत वाचलं जातं.

माझी सूचना अशी. अमिंतोरसाठी: 'बापानं देवांपाशी माझ्यासाठी वाईट मागितलं, पुन्हा पुन्हा मागितलं, ज्यांचं नाव काढायला नको त्या एरिनीसना हाक दिली: माझ्या मांडीवर याचं पोर कधी न बसो. आणि देवांनी त्याचं मागणं पुरं केलं.' अल्थाइयासाठी: 'भावाच्या रक्तासाठी ती देवांपाशी मागत राहिली, जमीन बडवत राहिली, या पोराला मरण दे.' यात शाप हा शब्द नाही. ऐकणाऱ्याला तो आपोआप ऐकू येईल.

इतवारीवाला

नमस्कार मॅडम. ग्रीक मले काही येत नाही, पण वाचून राहवलं नाही. आमच्या घरी आजीच्या तोंडून 'शाप' हा शब्द कधी ऐकला नाही. तो कीर्तनात ऐकला. आजी म्हणे, 'त्याले बद्दुआ लागन.' कोणी गरिबाचे पैसे बुडवले की ती म्हणे, 'मी काय करू, देव पाहून घेईन.' दुआ तोच शब्द, पुढे 'बद' लावला की झालं. तुम्ही सांगितलं ते अरा आणि कतारा असंच आहे नं?

आणि दुसरं म्हणजे आपली मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते, १८८० च्या दशकापासून निघून राहिली. सारी इतवारी गच्च भरते, आणि लोक ओरडतात, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत!' लहानपणी मी पण बापाच्या खांद्यावर बसून ओरडलो. रोगराईले कोणी थेट बोलत नाही. बोलतात ते मारबतीशी, की तू घेऊन जा. तुम्ही म्हणता नं की ग्रीक माणूस देवापाशी बोलते आणि ज्याचं वाईट करायचं तो पलीकडे असते, तसंच मले वाटलं.

सदरचा_रहिवासी

रामटेकवाली ताई, तुम्ही विभक्तीचं जे सांगितलंत त्याचा पुढचा टप्पा मी सांगतो. मी नवा करार ग्रीकमधून वाचतो, सकाळी थोडा थोडा, आणि हे क्रियापद तिथं फार थोड्या जागी येतं.

मार्क ११:२१ मध्ये पेत्र म्हणतो, गुरुजी, तुम्ही शाप दिलेलं अंजिराचं झाड वाळलं. 'कतेरासो', म्हणजे ताईंनी सांगितलेलं 'एरासो'च, उपसर्गासह. द्वितीय पुरुष, एकवचन. आता त्याच अध्यायात मागे ११:१४ बघा. येशू झाडाला जे म्हणतो त्यात हे क्रियापद नाहीच. 'यापुढे तुझं फळ कधीही कुणी न खावो', एवढंच. 'फागोइ' हे इच्छार्थाचं रूप, मराठी 'खावो'सारखं. त्याला शाप हे नाव पेत्रानं दिलं. मला ही जागा वाचताना नेहमी थांबायला होतं.

दुसरी, लूक ६:२८: जे तुम्हाला शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या. इथं 'तुम्हाला' द्वितीयेत आहे. होमरमध्ये चतुर्थीत असलेला माणूस इथं सरळ कर्म झाला. रोमकरांस १२:१४ मध्ये आज्ञार्थ आहे, 'मे कतारास्थे', शाप देऊ नका. याकोब ३:९ म्हणतो की ज्या जिभेनं आपण पित्याची स्तुती करतो तिनंच माणसांना शाप देतो, तिथंही माणसं द्वितीयेत. आणि मत्तय २५:४१ मधलं 'कतेरामेनोइ', शापग्रस्त, हे पूर्णकालवाचक कृदंत कर्मणी अर्थानं येतं. माणूस कर्म झाल्याशिवाय असं कृदंत सहज बनणार नाही.

हे वळण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात आधीच दिसतं. ते काम इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झालं. मूळ हिब्रूत ज्याला शापायचं तो सरळ कर्म असतो. उत्पत्ती १२:३ मध्ये देव अब्राहामाला म्हणतो, तुला शाप देणाऱ्यांना मी शाप देईन. 'कतारासोमाइ', आणि कर्ता स्वतः देव! देव कुणाकडे मागणार? तिथं क्रियापदातलं मागणं संपलेलं आहे. तरी गणना २३:८ मध्ये शाप द्यायला भाड्यानं आणलेला द्रष्टा बलाम म्हणतो की देवानं ज्याला शापलं नाही त्याला मी कसा शापू. ते वाक्य अल्थाइयाला आणि अमिंतोरलाही समजलं असतं असं मला वाटतं.

प्रतापनगरचा_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. 'मागणं पुरं केलं' ही ओळ काल तालमीत वाचली आणि पहिल्यांदाच ते दोन प्रसंग एकमेकांना धरून उभे राहिले. इतवारीवाले भाऊ, 'बद्दुआ' आमच्याही तोंडात आहे, पण फिनिक्सच्या तोंडी घालायचा की नाही यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.

मॅडम, आणखी दोन शंका. ग्रीकांकडे उःशाप होता का? आणि शिशाच्या पत्र्यांवर शाप लिहून पुरायचे असं वाचलंय, त्यांवर हेच क्रियापद असतं का? अल्थाइयाच्या हातात असा एखादा पत्रा द्यावा अशी कल्पना एकानं मांडली आहे.

रामटेकवाली

सदरच्या दादांनी फार चांगलं जोडून दिलं. देव स्वतः कर्ता झाला की क्रियापद बदललं, हे मी विद्यार्थ्यांना सांगायला हवं असं आहे. मारबतीबद्दल: ओरडणारा आणि ज्याला हाकलायचं ते, यांच्या मधे ऐकणारी कुणीतरी आहे, हे भाऊंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. बद्दुआ मला आवडला. फक्त एक सांगते, होमर चांगल्या-वाईट दोन्हीसाठी नुसतं 'दुआ'च वापरतो आणि त्याचा धाक त्यातच आहे. शिवाय 'कता'चा अर्थ वाईट असा नाही, खाली आणि विरोधात असा आहे.

उःशाप. एकट्या माणसानं दिलेल्या अरेला तो सहसा नसतो. अथेन्सचा राजा थेसिअस याला समुद्रदेव पोसायडननं तीन मागण्या दिल्या होत्या, त्यांतली एक त्यानं रागाच्या भरात हिप्पोलितोसवर, स्वतःच्या मुलावर, खर्च केली. खरं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण नगरानं दिलेली अरा नगर मागे घेऊ शकत असे. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सनं आपला सेनापती अल्सिबायडीस याला गैरहजेरीत दोषी ठरवलं आणि सगळ्या पुजाऱ्यांना, पुजारणींना त्याला शापायचा हुकूम दिला. पुढच्या काळातला चरित्रकार प्लुटार्क सांगतो की थेआनो नावाच्या एकाच पुजारणीनं नकार दिला. मी प्रार्थनांची पुजारीण आहे, शापांची नाही, असं ती म्हणाली. योगायोग असा की होमरमधल्या ट्रॉयच्या पुजारणीचंही नाव थेआनो, आणि तिनं दोन्ही एकाच प्रार्थनेत मागितलं होतं! पुढे इ. स. पू. ४०७ च्या सुमारास अल्सिबायडीस परतला तेव्हा नगरानं ठराव करून ते शाप मागे घ्यायला लावले. तेव्हा थिओडोरोस नावाचा मुख्य पुजारी म्हणाला की त्यानं नगराचं वाकडं केलं नसेल तर मी त्याच्यासाठी काही वाईट मागितलेलंच नाही. तिथं रूप आहे 'कतेरासामेन', 'त्याला' चतुर्थीत आणि 'वाईट' कर्म. पेनेलोपीच्या वाक्याची तीच रचना, प्लुटार्कच्या काळापर्यंत टिकलेली.

नगरांच्या अरा कायद्याचं काम करत. तेओस या आयोनियन नगरात इ. स. पू. ४७० च्या सुमारास दगडावर कोरलेला लेख आहे. नगराविरुद्ध विष बनवणारा, धान्याची आयात अडवणारा, तो स्वतः आणि त्याचं कूळ नष्ट होवो. आणि हे शब्द अधिकाऱ्यांनी ठरावीक उत्सवांत लोकांपुढे म्हणायचे, न म्हणणाऱ्या अधिकाऱ्यावरही तोच शाप. धान्य अडवणाऱ्याला विष करणाऱ्याच्या पंगतीला बसवणारं ते नगर मला फार शहाणं वाटतं.

शिशाचे पत्रे मात्र वेगळी गोष्ट. दीड हजारांवर सापडलेत, आणि त्यांवर मुख्य क्रियापद बहुधा 'कतादो', खाली बांधतो, किंवा 'कताग्राफो', खाली लिहून टाकतो. मॅसिडोनियात पेल्ला इथं १९८६ मध्ये एका कबरीत सापडलेल्या पत्र्यावर एक बाई थेतिमा आणि डिओनिसोफोन यांचं लग्न अशा शब्दांनी बांधून टाकते, म्हणजे त्यानं दुसऱ्या कुणाशी नाही, आपल्याशीच लग्न करावं. ते क्रियापद परस्मैपदी आहे, कर्म द्वितीयेत आहे, आणि बांधणारी ती स्वतः आहे. तिच्या भाषेत देवांची, पिशाच्चांची विनवणी पुढे येते, पण पहिलं काम तिच्या हाताचं. ते पत्रे होमरच्या कितीतरी नंतरचे, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अलीकडचे. अल्थाइयाच्या हातात पत्रा देऊ नका. होमरनं तिचे हात मोकळे ठेवलेत ते जमिनीवर आपटण्यासाठी, आणि अभिवाचनात तेवढा आवाज लाकडी फळीवर तळहातानंही काढता येईल.

एक उच्चाराचं राहिलं. 'एरातो'मधला 'ए' आणि 'रा' दोन्ही दीर्घ आहेत, आणि भर 'रा'वर. मैत्रिणीला मूळ ग्रीक ओळही म्हणायची असेल तर कळवा, मी ती लघुगुरू मांडून इथंच लिहून देईन.